प्राथमिक शाळेतील आहारशिक्षण : शिरोड्याच्या निमित्ताने

प्राथमिक शाळेतील आहारशिक्षणाचे परीक्षण करताना पाठांतील मजकूर शास्त्रशुद्ध आहे की नाही, एवढेच पाहून भागत नाही. तो मजकूर मुलाच्या ताटापर्यंत पोचतो काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय.

बालभारतीने इयत्ता चौथीसाठी केलेल्या 'परिसर अभ्यास' या पुस्तकात 'अन्नातील विविधता', 'आहाराची पौष्टिकता' आणि 'मोलाचे अन्न' असे तीन पाठ लागोपाठ योजिले आहेत. हा क्रम प्रशंसनीय आहे. तथापि सबंध राज्यासाठी लिहिलेल्या पुस्तकास एका गावाचे ताट रेखाटता येत नाही. ते काम शिक्षकाचे आहे. ज्या शिरोडे गावी वि. स. खांडेकर यांनी १९२० ते १९३८ या काळात अध्यापन केले, ते उदाहरणादाखल घेतल्यास या कामातील अडचण ध्यानात येते.

शिरोड्याच्या ताटात भात, मासळी, नारळ, कोकम, कुळथाची पिठी आणि नाचणी हे पदार्थ परंपरेने आलेले आहेत. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते त्याच्या दशांशही नसते. परंतु नाचणी म्हणजे गरिबाचे धान्य, ही समजूत कोकणात दीर्घकाळ रुजलेली आहे. 'नाचणी पौष्टिक आहे' हे विधान पाठ करविल्याने ती दूर होत नाही. तिच्याशी निगडित असलेली हीनतेची भावना शिक्षकाने ओळखली पाहिजे.

मिठाची गोष्ट याहून बिकट आहे. शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली सत्याग्रह झाला. तेथे मीठ हा अभिमानाचा विषय आहे. उलट जागतिक आरोग्य संघटना प्रौढाने दिवसाकाठी ५ ग्रॅमहून, म्हणजे सुमारे एका लहान चमच्याहून, कमी मीठ खावे असे सांगते. मुलांसाठी हे प्रमाण आणखी कमी आहे. खारवलेली सुकी मासळी आणि लोणचे यांची ज्या घरांत सवय आहे, तेथे हा उपदेश परका वाटणे स्वाभाविक आहे. त्यावर उपाय इतिहास वगळणे हा नव्हे. मिठावरील हक्क आणि मिठाचे प्रमाण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मुलांना मिठागराच्या काठावरच उत्तम समजेल. आयोडिनयुक्त मीठ का वापरावे, हेही तेथेच सांगता येईल.

आमचा मुख्य आक्षेप 'निवड' या कल्पनेवर आहे. आठ-नऊ वर्षांचे मूल घरचा बाजार करीत नाही. निवडीचा अधिकार नसताना निवडीची जबाबदारी त्याच्यावर टाकली, तर घरच्या गरिबीचा दोष त्याच्या माथी येतो. खाऊच्या पैशांतून घेतलेले खारट पाकीट मात्र त्याच्या हातचे असते. त्यावरील मिठाचा व साखरेचा आकडा वाचावयास शिकविणे न्याय्य ठरेल. बाकीची जबाबदारी मोठ्यांची. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत अतिमेद, अतिमीठ व अतिसाखरेचे पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२० साली झाला तो याच जाणिवेने. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी हे प्रमाण ठरविण्यात आले. त्या पंगतीत जे वाढले जाते, तोच मुलांचा खरा पाठ होय. फळ्यावर पालेभाजीची थोरवी आणि पानात पातळ वरण असा विरोध राहिला, तर मूल पानावरच विश्वास ठेवील.

म्हणून आहारशिक्षणाचे मूल्यमापन मुलांच्या उत्तरपत्रिकांवरून न करता शाळेच्या स्वयंपाकघरावरून करावे, असे आम्हांस वाटते.