ऑनलाइन वर्गणी : दार कोणासाठी उघडले?

महाविद्यालयीन ग्रंथालयांनी संशोधनपत्रिकांची ऑनलाइन वर्गणी भरावी का, याचे उत्तर आपण वेरूळच्या उदाहरणावरून शोधू.

वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे भाग मिसळलेले आहेत, असे राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली दाखवून दिले. त्यामुळे गिलाव्याला कीड लागली नसावी, असे त्यांचे अनुमान आहे. हा लेख ‘करंट सायन्स’ या भारतीय पाक्षिकात आला. तो संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. वेरूळच्या शाळेतील शिक्षकही तो उघडून वर्गात समजावू शकतात. याउलट अजिंठ्याच्या चित्रांखालील गिलाव्याचा २०१५ सालचा एक अभ्यास एल्सेव्हियर या परदेशी प्रकाशनसंस्थेच्या पत्रिकेत आहे. तो वाचायला वर्गणी हवी. दोन्ही लेण्यांची तुलना करू पाहणाऱ्या शिक्षकाच्या हाती मग अर्धीच माहिती येते.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना ही अडचण काही अंशी दूर करते. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका आणि ६,३०० हून अधिक शासकीय संस्था असा तिचा आवाका आहे. वाचक सुमारे १.८ कोटी धरले, तर दरडोई वार्षिक खर्च साधारण १,१०० रुपये पडतो. लहान गावातील शासकीय महाविद्यालयाला स्वबळावर इतक्या पत्रिका कधीच घेता आल्या नसत्या. योजनेचे हे श्रेय आम्ही मोकळेपणाने देतो.

परंतु हा हिशेब प्रत्येक जण वाचतो असे धरून केलेला आहे. वाचक निम्मे झाले, की खर्च दुप्पट. शिवाय शाळा आणि त्यांचे शिक्षक योजनेबाहेरच आहेत. छापील अंक वर्गणी थांबली तरी कपाटात राहतो. ऑनलाइन अंकांचे पुढे काय, हे करारावर ठरते.

म्हणून पत्रिकांची संख्या पाहून वर्गणीचे मोल ठरवू नये, असे आमचे मत आहे. ग्रंथालयाने वर्षभरात किती लेख वाचले गेले, वर्गणी बंद झाल्यावर जुने अंक मिळतील का आणि परिसरातील शिक्षकांना ग्रंथालयात बसून वाचता येईल का, हे आधी विचारावे. सरकारी पैशाने झालेले संशोधन ‘करंट सायन्स’प्रमाणे सर्वांना खुले असावे, हा आग्रहही शिक्षकांनी धरला पाहिजे.