सलामीच्या सामन्यातला सिद्धार्थ

७ ऑक्टोबर २०१८, रविवार. घटस्थापना तीन दिवसांवर आली होती. चेन्नईच्या जवाहरलाल नेहरू बंदिस्त क्रीडागृहात त्या रात्री प्रो कबड्डीचा सहावा हंगाम सुरू झाला. पहिल्या सामन्यात यजमान तमिळ थलायवाजने पाटणा पायरेट्सला हरवलं, आणि त्यानंतर मॅटवर उतरले यू मुंबा आणि पुणेरी पलटण. चाळीस मिनिटांनी फलकावर ३२-३२ होते.

बरोबरीचा सामना प्रेक्षकाला बहुधा अर्धवट वाटतो. हा तसा वाटला नाही, निदान ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या आम्हा लोकांना तरी नाही. आमचा जीव या सामन्यात दोन्हीकडे अडकलेला होता. रोज मुंबईची लोकल पकडणारी माणसं आम्ही, म्हणून संघ यू मुंबा. पण समोर पुण्याचं कर्णधारपद होतं गिरीश इर्नाककडे, आणि गिरीश कल्याणचा. ओम कबड्डीच्या मैदानावर घडलेला हा डावा कोपरारक्षक भारताच्या संघापर्यंत पोचला, याचा अभिमान इथल्या प्रत्येक मंडळाला आहे. त्यामुळे मुंबईचा चढाईपटू गिरीशच्या हातून सुटला तरी टाळी, आणि गिरीशने त्याला धरला तरी टाळी, अशी ती रात्र गेली.

सामना संपल्यावरची चर्चा मात्र नव्या गड्यांची होती. तशी ती होणारच होती. अनुप कुमार या हंगामात जयपूरकडे गेला होता. पहिल्या हंगामापासून यू मुंबाचा चेहरा असलेला, २०१६ साली अहमदाबादला इराणला ३८-२९ हरवून विश्वचषक उचलणारा कर्णधार संघात नाही, ही कल्पनाच पचत नव्हती. रिशांक देवाडिगा त्याच्या आदल्या वर्षीच यूपी योद्धाकडे गेला होता, आणि तिथे जयपूरविरुद्ध एका सामन्यात त्याने चढाईचे २८ गुण मिळवले तेव्हा आम्हाला आनंद आणि हळहळ एकदमच वाटली होती. म्हणजे बोनसचा राजाही गेला आणि घरचा चढाईपटूही गेला. त्यांच्या जागी लिलावात ३६.४० लाखांना घेतलेला एक मुलगा उभा होता, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई. मोनू गोयतला त्याच लिलावात दीड कोटीच्या वर किंमत मिळाली होती. त्या मानाने सिद्धार्थकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या स्पर्धांवर नजर ठेवणाऱ्यांना तो ठाऊक होता. टीव्हीवरच कबड्डी पाहणाऱ्यांना नव्हता.

पहिल्याच सामन्यात त्याने सुपर टेन केला. चढाईचे दहा गुण पदार्पणात मिळवणं ही मोठीच गोष्ट आहे. पण मला गुणांबद्दल फार लिहायचं नाही. आमच्या भागातल्या आयरे गावातले एक जुने खेळाडू, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर पोरांना सांगत होते, "अरे, हात नको बगू त्याचा, पाय बग. नि परत कसा येतो ते बग." नव्या चढाईपटूचं मोल करायची आमच्याकडची ही जुनी पद्धत आहे आणि मला ती आकड्यांपेक्षा खात्रीची वाटते. गुण कधी समोरच्याच्या चुकीने मिळतात, कधी पंचांच्या निर्णयाने. पाय मात्र चढाईपटूचे स्वतःचे असतात.

तेव्हा पायांपासूनच सुरुवात करू. मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, आणि तिथून अंतिम रेषेपर्यंत उरते फक्त पावणेदोन मीटरची पट्टी. सहा किंवा सात गडी मैदानात असताना बोनस मिळवायचा तर एक पाऊल त्या पट्टीत टेकवायचं आणि त्या क्षणी दुसरा पाय हवेत ठेवायचा. दुसरा पाय हवेत म्हणजे अंगाचा सगळा भार एका घोट्यावर, आणि तो घोटा नेमका कोपरारक्षकाच्या हातापाशी. अनुप हा गुण चोरून घ्यायचा. तो निदान रेषेशी घुटमळायचा, पाय पुढे करून मागे घ्यायचा, बचाव एक श्वास ढिला पडला की टेकवून परत. त्यात नजाकत होती, वय आणि अनुभव होता.

सिद्धार्थ हाच गुण उघडपणे मागतो. उंच, रुंद खांद्यांचा हा मुलगा घाई न करता आत जातो, छाती कोपऱ्याकडे वळवतो आणि मोठं पाऊल टाकतो. घोटा धरायचा असेल तर धरा, असं त्याचं अंग सांगत असतं. बचावाची पंचाईत इथेच होते. वाकून घोट्याला गेलं तर त्याचा लांब हात खांद्यावर किंवा पाठीवर पडतो, म्हणजे बोनस आणि वर गडीही बाद. न वाकता उभं राहिलं तर बोनस गेलाच. नव्या मुलाच्या पायात पहिल्या सामन्यात सहसा अडखळ दिसते: मध्यरेषेशी जास्त वेळ घालवणं, तीस सेकंदांतली वीस नुसती दम घुमवण्यात जाणं, मग शेवटी धावपळ. सिद्धार्थच्या चढाईत ती दिसली नाही. तो आत लवकर जातो आणि आत थांबतो. माझ्या दृष्टीने या पदार्पणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, कारण आत थांबण्याचं धैर्य शिकवून येत नाही.

आता परत येणं. कबड्डी न पाहणाऱ्याला चढाई म्हणजे स्पर्श वाटते. पाहणाऱ्याला ठाऊक असतं की स्पर्शानंतरचे दोन-तीन सेकंद हीच खरी चढाई. झटापट सुरू झाली की दोन्ही बाजूंच्या एकेक मीटरच्या राखीव पट्ट्या खेळात येतात, आठ मीटर रुंदीचं मैदान दहा मीटरचं होतं. चपळ चढाईपटू ही जास्तीची जागा निसटायला वापरतो. सिद्धार्थ ती ओढायला वापरतो. कमरेला एक, मांडीला दुसरा बिलगलेला असताना तो अंग मध्यरेषेच्या दिशेने लोटून देतो आणि हात लांबवतो. रेषेला बोटं लागली की बिलगलेले सगळे बाद. लोकांनी त्याला 'बाहुबली' म्हणायला सुरुवात केली ती या दृश्यावरून. नाव शोभतं, पण त्यात एक गोष्ट सुटते. नुसत्या ताकदीचा गडी झटापटीत दिशा विसरतो, धरणाऱ्याशीच झुंजत बसतो. सिद्धार्थ पडता पडता वळतो. त्याचं डोकं कायम मध्यरेषेकडे असतं, आणि ज्या कमी उंचीने तो शेवटची झेप घेतो ती मातीच्या मैदानावर कोपरं सोलून घेतलेल्या खेळाडूलाच जमते. चंदगडच्या मातीची ही देणगी मॅटवर तशीच्या तशी उतरलेली पाहून फार समाधान वाटलं.

या चढाईची कसोटी पाहणारा बचावही तोलामोलाचा होता, म्हणून पदार्पणाला वजन आलं. गिरीशच्या डाव्या कोपऱ्याबद्दल इथे दोन शब्द जास्त लिहितो, कल्याणकरांचा तेवढा हक्क आहे. गिरीश धिप्पाड आहे, आणि धिप्पाड कोपरारक्षक साधारणपणे सावकाश असतो. गिरीशने आपल्या देहालाच शस्त्र केलं. तो घोट्यासाठी झेपावण्याची घाई करत नाही. चढाईपटूला आत येऊ देतो, परतीची वाट अंगाने अडवतो, आणि मग मांडी किंवा कंबर धरतो. एकदा त्याच्या छातीला आदळलेला चढाईपटू पुढे सरकत नाही; उरलेले दोघेतिघे येईपर्यंत तो तिथेच खिळलेला असतो. गिरीशच्या पकडीत धीर आहे, सोबतच्यांवर विश्वास आहे.

पलीकडच्या मैदानात मुंबईचा डावा कोपरा आणि कर्णधार होता इराणचा फझल अत्राचली. एक कोटीला घेतलेला, कोटीची रेषा गाठणारा लीगमधला पहिला परदेशी खेळाडू. फझल मुंबईला नवा नव्हता. २०१५ साली यू मुंबाने विजेतेपद मिळवलं तेव्हा तो संघात होता. पण कर्णधार म्हणून नवा होता. त्याची पकड गिरीशच्या अगदी उलट. तो वाट पाहत नाही. चढाईपटूचा पाय जमिनीला टेकण्याआधीच तो निघालेला असतो, आणि कुस्तीतून आलेली त्याची कंबर एकदा गुंफली की सुटत नाही. चुकला तर गुण जातो, पण बरोबर ठरला तर समोरच्याची पुढच्या चार चढायांची हिंमत जाते.

हे दोघे डावे कोपरे सहाच आठवड्यांपूर्वी जकार्तात समोरासमोर होते. आशियाई स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इराणने भारताला १८-२७ असं हरवलं, तेव्हा गिरीश आणि रिशांक दोघेही भारताच्या संघात होते आणि फझल इराणच्या. १९९० पासून पुरुषांचं सुवर्ण भारताकडेच होतं. ते त्या दिवशी गेलं. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणनेच भारताला २४-२७ असं हरवलं, आणि त्या इराणी मुलींना घडवणाऱ्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. ती जखम ताजी असताना फझल मुंबईची जर्सी घालून उतरला. काही जणांना ते रुचलं नव्हतं, हे मी ऐकलं आहे. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. ज्याच्याकडून हरलो त्याचा खेळ जवळून पाहायला मिळणं हा आपल्या मुलांचा फायदाच. सिद्धार्थला तर रोज सरावात जगातल्या उत्तम डाव्या कोपऱ्यासमोर चढाई करायला मिळत होती. सलामीच्या सामन्यात गिरीशसमोर तो बुजला नाही याचं एक कारण मी यात पाहतो.

पुण्याची बाजूही हलकी नव्हती. नितीन तोमरनेही त्या रात्री सुपर टेन केला. त्याचा खेळ गाजलेला, त्याच्याकडून ती अपेक्षाच होती, म्हणून त्यावर थांबत नाही.

यू मुंबाच्या नव्या गड्यांत आणखी एक मुलगा होता, ज्याच्याबद्दल सलामीनंतर जवळजवळ कुणीच बोललं नाही: अर्जुन देशवाल. त्या हंगामात त्याला फारशी संधीही मिळाली नाही. पुढे तो जयपूरला गेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये, मुंबईच्याच एनएससीआय डोममध्ये, जयपूरने पुणेरी पलटणला ३३-२९ असं हरवून विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण अर्जुनच्या नावावर होते. सलामीच्या सामन्यात जो खेळतो त्याचंच मोल होतं; बाकावरच्याचं करायला कुणाकडे साधन नसतं. म्हणून संघाचे सराव पाहणाऱ्या माणसाचं मत मला नेहमी जास्त महत्त्वाचं वाटतं.

सिद्धार्थच्या खेळात मला त्या रात्रीही एक काळजीची गोष्ट दिसली होती, ती लिहिली नाही तर हे रसग्रहण अपुरं राहील. तो झटापट टाळत नाही. तीन जणांच्या विळख्यातून रेषा गाठणं डोळ्यांचं पारणं फेडतं, पण प्रत्येक वेळी तो भार खांद्यावर येतो. अनुप इतकी वर्षं खेळला कारण अंगाला हात लागण्याआधी तो परतलेला असायचा. बोनस रेषेवर चोरटी पावलं, रिकामी चढाई निमूटपणे स्वीकारणं, दोन रिकाम्या चढायांनंतरच्या निर्णायक तिसऱ्या चढाईसाठी ताकद राखून ठेवणं, या गोष्टी ताकदवान मुलाला शिकाव्याशा वाटत नाहीत, कारण त्यांच्यावाचून त्याचं अडत नाही. पुढच्या वर्षांत खांद्याच्या दुखापतीने त्याला बराच काळ बाहेर बसवलं, आठव्या हंगामात तर तीनच सामन्यांनंतर. दुखापतीचं नेमकं कारण वैद्यांनी सांगावं. त्याला सुरुवातीलाच अनुपच्या शेजारी एक हंगाम खेळायला मिळाला असता तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

तरीही त्या हंगामापुरतं बोलायचं तर सलामीला जे दिसलं ते टिकलं. चढाईचे दोनशेहून जास्त गुण त्याने मिळवले, संघ बाद फेरीपर्यंत गेला आणि तिथे यूपी योद्धाकडून हरला. महाराष्ट्राच्या चढाईपटूने या लीगमध्ये केलेलं इतकं भारदस्त पदार्पण मी दुसरं पाहिलेलं नाही. हुंदळेवाडीचा मुलगा आणि कल्याणचा मुलगा देशभर दिसणाऱ्या सामन्यात समोरासमोर उभे राहिले आणि दोघांपैकी एकही कमी पडला नाही. त्यामुळे ३२-३२ हा निकाल मला त्या सामन्याला न्याय देणाराच वाटतो.

यू मुंबाने त्याला पुढच्या वर्षी राखलं नाही. एप्रिल २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने सिद्धार्थ देसाईला १ कोटी ४५ लाखांना घेतलं, आणि त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती.