मेजर गिल यांचीं छायाचित्रें व वऱ्हाडचा स्थानिक इतिहास

वऱ्हाडांतील जुन्या देवळांचीं, गढ्यांचीं व घराण्यांचीं छायाचित्रें अलीकडे संग्राहकांच्या हातीं बरींच येऊं लागलीं आहेत, आणि त्यांवरून गांवोगांवचे इतिहास लिहिण्याची हौसही वाढली आहे. हौस स्तुत्य खरी. परंतु पोथी हातीं आली असतां आपण जी सावधगिरी बाळगितों, ती छायाचित्र समोर येतांच पार विसरतों, अशी माझी तक्रार आहे. पोथीचा लेखक प्रमाद करतो हें सर्वांस मान्य. कॅमेरा मात्र आप्त!

या दृष्टीनें मेजर रॉबर्ट गिल यांचें काम तपासण्याजोगें आहे. मद्रासच्या लष्करांतील या अधिकाऱ्यास १८४४ सालीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठीं नेमिलें होतें. त्यांच्या बहुतेक नकला १८६६ च्या डिसेंबरांत लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. टिकलीं तीं १८५६ च्या सुमारापासून त्यांनीं घेतलेलीं छायाचित्रें. त्यांपैकीं शंभर दुहेरी छायाचित्रांचें पुस्तक जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह १८६४ सालीं लंडनास निघालें. लोणारच्या दैत्यसूदनाच्या देवळाचीं गिल यांचीं छायाचित्रेंही उपलब्ध आहेत. वऱ्हाड १८५३ च्या तहानें इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें, लायल यांचें वऱ्हाडचें गॅझेटियर १८७० चें, कझेन्स यांची प्राचीन अवशेषांची यादी १८९७ ची. हा क्रम लक्षांत घेतला म्हणजे या कांचांचें मोल कळतें.

फर्ग्युसन हे स्कॉटलंडांतील एअर गांवचे. निळीच्या व्यापारानिमित्त हिंदुस्थानांत आले, पुष्कळ हिंडले, आणि परत गेल्यावर मुख्यतः छायाचित्रें समोर ठेवून लिहीत राहिले. आपल्यापाशीं तीन हजारांवर छायाचित्रें असून नित्य सहवासानें त्या इमारती आपल्या पूर्ण ओळखीच्या झाल्या आहेत, अशा आशयाचें विधान त्यांनीं १८७६ च्या आपल्या मोठ्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत केलें आहे. शिल्पाचे वर्ग पाडण्यास ही ओळख पुरली, हें मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. त्यांच्यापूर्वीं येवढ्या विस्तारानें तें काम कोणीं केलें नव्हतें. पण डोळ्यांची ओळख ती स्थळाची ओळख नव्हे. देवळाची पूजा कोणाकडे, इनाम कोणत्या सनदेनें चालत आलें, पडलेल्या सभामंडपाचे चिरे कोणत्या वाड्यास लागले, हें छायाचित्र सांगत नाहीं. तें गुरवाच्या तोंडून व दप्तरांतूनच कळावयाचें. छायाचित्रांत प्रमाणासाठीं उभा केलेला माणूस किती हात उंच हें फर्ग्युसनपंथी सांगतील. तो कोण, हें विचारणार नाहींत.

आतां यंत्राचे प्रमाद. गिल यांच्या काळीं कांचेवर कोलोडियनचा लेप देऊन, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवून, ओली असतांच कॅमेऱ्यांत घालावी लागे व लगेच धुवावी लागे. (वैशाखांतल्या वऱ्हाडी उन्हांत हें कसें साधत असेल याचें मला आजही आश्चर्य वाटतें.) प्रकाश कांहीं सेकंद द्यावा लागे, तेवढ्यांत जो हलला तो पुसट झाला वा नाहींसाच झाला. यास्तव त्या काळच्या छायाचित्रांत बाजार ओस दिसला म्हणून गांव उजाड झाला होता असें अनुमान करूं नये. दुसरें असें कीं, त्या लेपास निळा रंग चटकन् लागे व तांबडा जवळजवळ लागतच नसे. म्हणून तांबडी पगडी काळी उतरते. मी स्वतः यांत फसलों आहें. एका देवीचें तसलें जुनें छायाचित्र पाहून, मूळ मूर्ति काळ्या पाषाणाची होती व ती पुढें बदलली, असें मीं भर व्याख्यानांत ठोकून दिलें. सभा संपल्यावर तेथील गुरवाच्या नातवानें नम्रपणें सांगितलें, "गुरुजी, तो शेंदूर आहे." खरोखरच तो शेंदूर होता.

तिसरा दोष डाव्या-उजव्याचा. कांच छापतांना उलटली कीं अंगरख्याचे बंद व कमरेची तलवार बाजू बदलतात. पाटी असली तर उलटीं अक्षरें चोरी उघड करितात. पण बाळापुरास मन नदीच्या कांठीं असलेल्या मिर्झा राजा जयसिंगाच्या छत्रीसारख्या दोन्ही अंगांनीं सारख्या इमारतीस तीही सोय नाहीं. तेथें जाऊन, नदी कोणत्या हातास राहते हें पाहूनच छायाचित्र सुलट कीं उलट तें ठरवावें लागतें.

पोथीच्या शेवटीं पुष्पिका असते, तशी छायाचित्राची पुष्पिका पुठ्ठ्याच्या पाठीवर असते: छापलेलें दुकानाचें नांव, कोणा आजोबांची मोडी ओळ, क्वचित् मिति. आणि नेमकी हीच आपण फेंकून देतों. संग्रह फोडून सुटीं पानें विकलीं जातात. कांचा घांसून तसबिरींस लाविल्याचेंही ऐकिवांत आहे. हल्लीं यंत्रानें नक्कल उतरून घेणें अगदीं सोपें झालें आहे, तरी नक्कल घेणारे पाठ उलटून पाहत नाहींत. आमच्या संग्राहक बंधूंस माझी एवढीच विनंति कीं, समोरच्या बाजूइतकीच पाठीची नक्कल घ्यावी, आणि चित्र पुठ्ठ्यावरून सोडवूं नये.

अमरावतीच्या एका घरीं गेल्या वर्षीं मला एक छायाचित्र दाखविण्यांत आलें. नव्या चौकटींत बसावें म्हणून पुठ्ठा चारी बाजूंनीं कातरलेला. मागें मोडींत तिघांचीं नांवें होतीं. त्यांतलें एक अर्धें उरलें आहे. त्याखालीं 'शके १८०' एवढे आंकडे दिसतात. एकंस्थानचा अंक कातरीखालीं गेला, तेव्हां तें छायाचित्र १८७८ पासून १८८८ पर्यंतच्या कोणत्याही वर्षाचें असूं शकेल.