फाब्र यांची तोफ आणि सिकाडाचा कान

आँरी फाब्र यांच्या तोफेची गोष्ट शिक्षकांना आवडते, मलाही आवडते. कीटकांवरील त्यांच्या आठवणींच्या पाचव्या खंडात (१८९७) ती आहे. घरासमोरच्या झाडांवर सिकाडे गात असताना त्यांनी गावच्या उत्सवातल्या दोन उखळी तोफा झाडाखाली उडवल्या. काचा फुटू नयेत म्हणून खिडक्या उघडून ठेवल्या. गाणे थांबले नाही, लयही बदलली नाही.

वर्गात ही गोष्ट बहुधा 'म्हणून सिकाडा बहिरा' या वाक्याने संपते. फाब्र स्वतः इतके पुढे गेले नव्हते; कानाने मंद, एवढेच त्यांनी मान्य केले. पण तेही पटत नाही. त्यांनी आवाज प्रचंड केला, त्याची वारंवारता बदलून पाहिली नाही. शिवाय तपासले ते गाणारे नर, आणि गाताना नर आपल्या कानाचा पडदा सैल करतो हे आज माहीत आहे. आणि गाणे थांबले नाही म्हणजे ऐकू आले नाही, असे कसे? गुलमंडीच्या चौकात दिवसभर हॉर्न वाजतात, म्हणून कोणी दुकानदार भाव सांगायचा थांबत नाही.

अमेरिकेत १३ किंवा १७ वर्षांनी जमिनीबाहेर येणाऱ्या सिकाडांची मादी नराच्या गाण्याला पंखांच्या 'टिक' आवाजाने उत्तर देते. नेमक्या क्षणी माणसाने चुटकी वाजवली तरी नर जवळ येतो! तोफेला न बधणारा चुटकीला फसतो.

वारंवारता ओळखण्याची सोय कीटकांत खरोखर आहे. टोळाच्या कानाचा पडदा सगळीकडे सारखा जाड नसतो. लेझरने मोजल्यावर २००५ साली दिसले, की आवाज पडताच त्यावर लाट धावते. खालच्या स्वराची लाट एका जागी पोचते, वरच्या स्वराची दुसऱ्या, आणि तिथे वेगवेगळ्या चेतापेशी जोडलेल्या असतात. रातकिडा उडताना सुमारे ५ किलोहर्ट्झच्या स्वराकडे वळतो, ४० किलोहर्ट्झपासून दूर पळतो. पहिला स्वर जातभाईचा, दुसरा वटवाघळाच्या पट्ट्यातला.

मात्र सरसकट विधान इथेही नको. अनेक पतंगांच्या कानात दोनच श्रवणपेशी असतात. वारंवारतेतला फरक त्यांना जवळजवळ कळत नाही. पण रात्री दिव्याभोवती किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवून पाहा. त्यातल्या श्रवणातीत ध्वनीने काही पतंग गिरकी घेऊन सरळ जमिनीकडे झेपावतात.