अँटेनाच्या बुडाशी

मालवणात एका हौशी रेडिओवाल्याच्या जीपवर मागच्या कोपऱ्यात उभी असलेली अडीच मीटरची काठी येणारे-जाणारे मान वर करून बघतात. माझ्या मते मात्र दाद द्यायची ती खाली वाकून. काठीच्या बुडापासून चासीपर्यंत वीतभर लांबीची एक चपटी जाळीदार पट्टी गेली आहे, आणि तिच्या टोकाला एक बोल्ट आहे. काम उत्तम ते एवढंच.

एवढ्याशा बोल्टचं कौतुक कशाला? गाडीवरच्या अँटेनाचा अर्धा भाग म्हणजे काठी, उरलेला अर्धा म्हणजे गाडीचा पत्रा. 7 मेगाहर्ट्झवर तरंगलांबी बेचाळीस-त्रेचाळीस मीटर, आणि काठी अडीच मीटर. इतक्या आखूड अँटेनाचा उत्सर्जन रोध, म्हणजे हवेत जाणाऱ्या शक्तीचा वाटा ठरवणारा रोध, दीड ओहमच्या आसपास येतो. आता गंजलेल्या सांध्यात एक ओहम अडला, तर हवेत तीन भाग जाताना दोन भाग त्या बोल्टपाशीच तापून जिरतात. महागडा रेडिओ घ्यायचा आणि बोल्ट शेकत बसायचा!

हा सांधा थर सोडवत वाचावा. तळाला पत्रा. रंग आणि प्रायमर पॉलिश पेपरनं घासून काढलाय, पण थिंबलच्या, म्हणजे पट्टीच्या टोकाला बोल्ट ओवायची जी कडी असते तिच्या, घेरापेक्षा जेमतेम दोराभर जास्त. अघळपघळ खरवडणाऱ्याला इथं नापास करावं. उघडा पडलेला प्रत्येक मिलिमीटर खाऱ्या हवेला आमंत्रण आहे. वर थिंबल, थेट पत्र्याला भिडलेलं. दातेरी वॉशर नटाखाली. पुष्कळजण तो थिंबल आणि पत्रा यांच्या मध्ये घालतात, म्हणजे दात दोन्हीकडे रुततील. मला ते पटत नाही. स्वच्छ पत्र्याला सपाट थिंबल जितकं भिडेल तितकं दातांचं टोक भिडणार नाही.

पट्टी तांब्याची असली तरी दिसते रुपेरी, कारण तिच्यावर कथील चढवलंय, पितळेच्या पातेल्याला कल्हई करावी तसं. उघडं तांबं लोखंडावर आवळलं आणि मध्ये मिठाचं पाणी शिरलं, की तो एक छोटासा विद्युतघट होतो. त्यात झिजतं लोखंड. कथील या दोन धातूंच्या मधल्या पायरीवर बसतं, म्हणून ओढाताण कमी होते. शिवाय या वारंवारितेला प्रवाह तांब्यात 25 मायक्रॉनच्या आसपासच उतरतो, म्हणजे नेमका ज्या सालीला गंज आधी लागतो त्या सालीतूनच वाहतो. मल्टिमीटरनं शून्य ओहम दाखवलं म्हणून हुरळू नये. तो बॅटरीचा प्रवाह मोजतो, तो आतल्या निरोगी तांब्यातून सुखानं जातो.

गंजाचा आणखी एक चावटपणा आहे. दोन धातूंमधला ऑक्साइडचा पापुद्रा डायोडसारखा वागतो आणि आपल्याच प्रक्षेपणातून भलत्या वारंवारिता निर्माण करतो. खरखर कुठून येते म्हणून माणूस रेडिओ उघडून बसतो.

शेवटचा हात सगळ्यात नाजूक. घासलेल्या पत्र्यावर आधी सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर, मग आवळणं. ग्रीसमधून वीज जात नाही या भीतीनं बरेचजण ते टाळतात. पण पाना फिरला की पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे ग्रीस बाजूला सारून एकमेकांना भिडतात आणि उरलेल्या पोकळीत ग्रीस बसतं, म्हणजे पाण्याला जागाच राहत नाही. वरून रंगाचा एक हात. जाळी पाणी शोषते, म्हणून तिची दोन्ही टोकं आतून डिंक असलेल्या हीट-श्रिंक नळीत बंद केली आहेत. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट इथं कुठंच नाही, हेही ध्यानात घ्यावं. सुकताना त्यातून सुटणारं ॲसिटिक आम्ल सांधा वाचवण्याऐवजी खातं.

पहिला पाऊस पडायच्या आत तुमच्या गाडीवरचा असा एक बोल्ट खोलून बघा. खालचा पत्रा अजून चकाकत असेल, तर तो आवळणाऱ्या मिस्त्रीचा पत्ता जपून ठेवा.