काळोखाचा वांटा

आमच्या घरीं वडिलांचीं दोन छायाचित्रें आहेत. एक स्टुडिओंत काढलेलें: दोन्ही बाजूंनीं सारखा उजेड, कपाळावरील आंठ्या पुसून टाकलेल्या, डोळ्यांत कसलाच भाव नाहीं. दुसरें माझ्या आतेभावानें एका संध्याकाळीं, टेबलावरील एकाच दिव्याच्या उजेडांत काढलेलें. त्यांत अर्धा चेहरा काळोखांत बुडाला आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर निवृत्तीनंतरच्या वर्षांतील त्यांचा सारा अबोला आहे. वडील गेल्यावर भिंतीवर कोणतें लावावें असा प्रश्न निघाला, तेव्हां ‘अर्धें तोंड काळें असलेलें चित्र घरांत नको’ असा निकाल आईनें दिला, व तो मीं निमूटपणें मान्य केला. जॉन ऑल्टन यांचा ‘पेंटिंग विथ लाइट’ हा ग्रंथ अलीकडे पुन्हां वाचतांना त्या निकालाची रुखरुख नव्यानें जाणवली. प्रस्तुत लेखाचें निमित्त तेंच.

ऑल्टन हे १९०१ सालीं हंगेरींत जन्मलेले, पुढें हॉलिवुडमध्यें नांवारूपास आलेले छायालेखक. त्यांचा हा ग्रंथ १९४९ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या अमेरिकन गुन्हेगारी चित्रपटांस फ्रेंच टीकाकारांनीं १९४६ पासून ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळे चित्रपट, असें नांव दिलें, त्या चित्रपटांच्या ऐन बहराचे ते दिवस. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांत चेहरा ‘न्वार’ पद्धतीनें उजळण्याची हौस आज पुन्हां वाढली आहे; त्या हौशीनें मूळ पुरुषाकडे एकदां जाऊन यावें हें बरें.

ह्या पद्धतीचें मर्म फारसें अवघड नाहीं. नेहमींच्या व्यवस्थेंत तीन दिवे असतात. पहिला, मुख्य दिवा, चेहरा घडवितो; दुसरा पहिल्यानें पाडलेल्या सावल्या भरून काढतो; तिसरा मागून केस व खांदे पार्श्वभूमीपासून सुटे करतो. न्वारचें कर्तृत्व बव्हंशीं त्या दुसऱ्या दिव्याला रजा देण्यांत आहे. मुख्य दिवा वर व एका बाजूस नेला कीं नाकाची सावली गालाच्या सावलीस जाऊन मिळते, आणि पलीकडच्या डोळ्याखालीं प्रकाशाचा एवढासा त्रिकोण उरतो. रेम्ब्रांटच्या चित्रांतून हा त्रिकोण आपल्या ओळखीचा आहे. दिवा आणखी बाजूस सरकविला तर अर्धा चेहरा जातो. पाठीमागें नेला तर केवळ कड उरते. दिवा मात्र धारदार पाहिजे. मऊ उजेडांत सावली विरघळून जाते. धारदार उजेडांत ती कोठें सुरू होते व कोठें संपते ह्याचा जाब द्यावा लागतो.

हा जाब ऑल्टन कसा देतात, तें ‘टी-मेन’ (१९४७) ह्या चित्रपटांत पाहावें. दिग्दर्शक अँथनी मान. सरकारी खजिन्याचे दोन हेर खोट्या नोटा करणाऱ्यांच्या टोळींत शिरतात. पुढें एकाचें बिंग फुटतें आणि दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत त्याला गोळी घातली जाते. पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली तरी त्याचाही शेवट. त्या चेहऱ्यावर पूर्ण उजेड असता तर नटाला अभिनय करावा लागला असता, किंवा न करण्याचा अभिनय, दोन्ही खोटे. सावली त्या माणसाचें दुःख लपविते, आणि लपवावें लागतें एवढेंच आपल्याला सांगते.

ग्रंथांत मात्र ही गोष्ट हातीं लागत नाहीं, ही माझी मुख्य तक्रार. गूढ प्रकाशरचनेवर त्यांत स्वतंत्र प्रकरण आहे, पण तें वाचतांना पाकशास्त्राच्या पुस्तकाची आठवण होते: आगकाडी असेल तर असें करा, कंदील असेल तर तसें, वीज चमकायची असेल तर आणखी तिसरें. स्त्रियांनीं दिवसां व रात्रीं आपल्या मुखावर पडणाऱ्या उजेडाकडे कसें लक्ष द्यावें ह्यावरही एक प्रकरण आहे. आमच्या वाचकभगिनींस तें मौजेचें वाटेल. कसें करावें हें सारें आहे. केव्हां करूं नये हें क्वचित्. चित्रपट काढणारे ऑल्टन हे ग्रंथ लिहिणाऱ्या ऑल्टनपेक्षां कितीतरी शहाणे होते.

आजचे अनुकरण करणारे चित्रपटांकडे न जातां पाककृतींकडे जातात. खिडकीच्या आडव्या पट्ट्यांची सावली घ्या. ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) मध्यें जॉन साइट्झ यांनीं ती पाडली, आणि त्या उन्हांत धूळ दिसावी म्हणून हवेंत ॲल्युमिनियमची बारीक पूड उडविली. ती शिळी धूळ, ते उन्हाचे पट्टे, आणि त्यांत आपण होऊन शिरणारा विम्याचा एजंट, हें सगळें एकजीव आहे. आज तेच पट्टे हंसऱ्या वधूवरांच्या मुखांवर पाडलेले मीं पाहिले आहेत! जॉर्ज हरेल यांनीं नटनटींच्या छायाचित्रांत सावली सौंदर्यासाठीं वापरली, त्यांत लबाडी नाहीं. जोन क्रॉफर्ड हिच्या चेहऱ्यावरील तांबूस ठिपके निगेटिव्हवर पुसले जात, हें त्या कलेचें उघड गुपित होतें. परंतु सौंदर्याची सावली आणि संशयाची सावली ह्यांत फरक आहे, व तो दिव्यांच्या संख्येचा नव्हे.

आपल्याकडे हा प्रकाश परका नाहीं. म्युनिकचे योसेफ विर्शिंग मालाडच्या बाँबे टॉकीजमध्यें आले, युद्धकाळांत जर्मन म्हणून स्थानबद्धतेंत राहिले, आणि परतल्यावर त्यांनीं ‘महल’ (१९४९) टिपला. ओसाड हवेलींत नायकाला भिंतीवर हुबेहूब आपल्यासारख्या माणसाचें चित्र दिसतें. तेथें झुलणारा दिवा आणि कोपऱ्यांत सांचलेला अंधार अमेरिकेहून उसना आणलेला वाटत नाहीं. जुन्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला तो अंधार ठाऊक असतो. आमच्या आईलाही तो चित्रपट फार आवडे. पडद्यावरचा काळोख तिला चालत असे, भिंतीवरचा नव्हे; आणि ह्यांत ती एकटी होती असें मला वाटत नाहीं.

आतां आईही राहिली नाहीं. गेल्या महिन्यांत आतेभावाकडून जुनी निगेटिव्ह मागवून घेतली व मोठी प्रत करावयास दिली. दुकानदार भला माणूस. त्यानें ‘डावी बाजू थोडी उजळून देऊं का?’ असें विचारलें. मीं नको म्हटलें. प्रत आली आहे, चौकटही झाली आहे. कोणत्या भिंतीवर लावावी हें अद्याप ठरलेलें नाहीं.