पहिल्या धारेची चव

केनवडमध्ये दारूच्या चवीवर बोलायला उभा राहिलो, म्हणजे मास्तर सत्तरीनंतर बिघडले असं काहींना वाटेल. वाटू द्या. मला बोलायचंय ते चवीच्या निवाड्याबद्दल.

कांटनं १७९० साली मांडलं ते असं: अमुक मद्य 'चांगलं' आहे म्हणू नये, 'मला आवडतं' एवढंच म्हणावं. वर्गात मी हे कित्येक वर्षं शिकवलं. मग भाच्यानं मेक्सिकोहून मेस्कालच्या दोन बाटल्या आणल्या आणि माझी पंचाईत झाली.

मेस्काल म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताच्या भाऊबंदांची दारू. झाड पक्व व्हायला सात-आठ वर्षं, काही जातींना त्याहून जास्त. पानं छाटायची आणि उरलेला गड्डा खड्ड्यात, तापलेल्या दगडांवर, वरून माती लोटून भाजायचा. धूर येतो तो तिथून. एक बाटली एस्पादिनची, म्हणजे लागवडीच्या जातीची. दुसरी तोबालाची, ही बुटकी, मुळात रानातली. एस्पादिनमध्ये धूर पुढे आणि भाजलेल्या रताळ्यासारखा गोडवा मागे. तोबालात धूर सरतो, फुलांचा वास जिभेवर रेंगाळतो. आता हा फरक काही माझ्या आवडीचा नव्हता, झाडाचा नि भट्टीचा होता. तो दुसऱ्याला दाखवता येतो, त्यावर भांडता येतं. कांटनं ही वाट फार लवकर बंद केली, असं माझं मत.

आता आपल्याकडे बघा. गोव्यात काजूचा आंबवलेला रस एकदा गाळला की हुर्राक, सौम्य. पुन्हा गाळला की फेणी, जिचा उग्र वास खोलीभर राहतो. दोघींना वेगळी नावं आहेत, म्हणून वेगळी पारख आहे. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

आपल्या विदर्भातल्या मोहाच्या दारूला मात्र शाबासकी एकच: 'पहिल्या धारेची'! हे वर्णन जोराचं, चवीचं नव्हेच. त्यातही गंमत अशी, की अगदी सुरुवातीला उतरतं ते झणझणीत, डोकं धरायला लावणारं. जाणता मेस्कालवाला ते बाजूला काढतो. आपली सगळ्यात मोठी स्तुती नेमक्या चुकीच्या थेंबांची! चोरून लावलेल्या भट्टीवर घाई असते, नवसागर पडतो, करणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. तिथं पारख कोण करणार?

पण थांबा. मोह भरपूर असलेल्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि त्या मागणीत बाया पुढे होत्या. त्यांना चव कळत नव्हती, असं मी म्हणणार नाही. घरी मार खाल्लेल्या बाईपुढे फुलांच्या वासाची गोष्ट कशी काढायची, हे मला तत्त्वज्ञानानं शिकवलेलं नाही.

मोहाची मी एकदाच चाखली. तळाला लागल्याचा करपट वास होता. त्या करपण्याखाली वाळल्या फुलांचा मनुकांसारखा गोडवा मात्र स्पष्ट लागत होता. तोबालाच्या शेजारी ठेवायला मला तीच हवी आहे, नीट गाळलेली. अजून मिळालेली नाही.